आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. आधी आणि नंतर काय तयारी ठेवू?

ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलंय आणि घरी बघायला तुम्ही एकटेच, असं लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते. मागच्या वर्षी पुण्यातच माझ्या बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं झालं, महिन्याच्या अंतराने. प्रत्यक्ष ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं, बाबा चालत बाहेर आले. खरं काम पुढे महिनाभर थेंब घालायचं. त्याची तालीम आजपासूनच करा.

डॉक्टरांना विचारून साधे कृत्रिम अश्रूंचे थेंब आणा. आईंना आडवं झोपवा, खालची पापणी हलकेच ओढून खोबण करा आणि एकच थेंब टाका. डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा, नाहीतर औषध घशात उतरतं आणि तोंड कडू होतं. बाबा सुरुवातीला बाटली दिसली की डोळा गच्च मिटायचे. चार दिवसांत सवय झाली. ऑपरेशननंतर हे पहिल्यांदा करायला घेतलं असतं तर दोघेही रडकुंडीला आलो असतो.

नंतर आम्हाला तीन बाटल्या मिळाल्या, सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून एक थेंब दोनदा पडला. मग एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन रबरबँड लावले. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. दुधाळ औषध तळाशी बसतं, ते आधी हलवायचं. स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत आणतात. डोळा बरा वाटला म्हणून मध्येच थांबवू नका.

ऑपरेशनआधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. बाबांची प्रोस्टेटची टॅमसुलोसिन मी सांगायचीच विसरणार होते. त्या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही, म्हणून सर्जनला ते आधी माहीत असावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्या दिवशी उपाशी यायचं का, साखरेची गोळी घ्यायची का, तेही विचारून घ्या. आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ उरकून घ्या आणि जाताना समोरून उघडणारे कपडे घाला.

आम्ही सिंहगड रोडला राहतो, धुळीचं सांगायला नको. घरी येताना रिक्षाऐवजी काचा बंद करून गाडीने आलो. रात्री डोळ्यावर प्लॅस्टिकची ढाल चिकटवून झोपायचं. डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. आई स्वयंपाक करत असतील तर काही दिवस फोडणीपासून त्यांना दूर ठेवा. हे त्यांना पटवणं थेंबांपेक्षा अवघड जाईल.

तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "सदऱ्याला नीळ जास्त पडली का गं?" डोळ्यातली पिवळी पडलेली जुनी लेन्स गेली की पांढरा रंग निळसर भासतो, घाबरू नका. थोडं खुपणं, पाणी येणंही चालतं. पण दुखणं किंवा लाली वाढत गेली, दिसणं कमी झालं, डोळ्यासमोर पडदा किंवा लखलखाट आला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री फोन करा. हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या आणि फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.