नव्या इलेक्ट्रिक पिकअपचे चार्जिंग खरोखर सुधारले आहे का?

आपण विचारले आहे की, फैजपूरच्या रायपनिंग चेंबरमधून पिकलेली केळी रोज भुसावळ आणि जळगावला पोहोचवणाऱ्या आपल्या डिझेल गाडीच्या जागी नवी इलेक्ट्रिक पिकअप घ्यावी का. ‘आता चार्जिंगचा प्रश्नच उरलेला नाही’ हे विक्रेत्याचे म्हणणे कितपत खरे मानावे. आणि अमेरिकेतल्या पिकअपच्या व्हिडिओत दिसते तसे १० मिनिटांचे चार्जिंग आपल्याकडे मिळेल का. मी जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलची वाहतूक सांभाळतो. आमच्याकडे दोन इलेक्ट्रिक मालगाड्या आहेत. एक चार वर्षांपूर्वी घेतलेली छोटी गाडी आहे आणि दुसरी गेल्या दिवाळीत घेतलेली चारचाकी पिकअप आहे, जी एरंडोल, पारोळा या मार्गावर रोज धावते. या दोन्ही गाड्या एकाच आवारात, एकाच मीटरवर आणि एकाच उन्हात वापरल्यामुळे नेमके काय सुधारले आणि काय नाही, हे मी काहीसे खात्रीने सांगू शकतो.

सुधारणा खरी आहे. फक्त ती विक्रेता बोट दाखवतो तिथे नाही. तो मिनिटे सांगतो, आणि आपल्याला पाहायचे असते ते व्होल्टेज, बॅटरीचा गारवा आणि आपल्या आवारातले अर्थिंग.

आधी त्या अमेरिकन व्हिडिओचा हिशेब करू, कारण बरेच गैरसमज तिथूनच येतात. शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो ईव्ही या पिकअपबद्दल कंपनीचा दावा असा आहे की, ३५० किलोवॅटपर्यंतच्या चार्जरवर ती १० मिनिटांत सुमारे १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर धावण्याइतकी वीज घेते. दावा अशक्य नाही, परंतु तिच्या मोठ्या आवृत्तीतली बॅटरी २०० युनिटांहून अधिक क्षमतेची आहे, हे व्हिडिओत ठळकपणे दिसत नाही. (किलोवॅट-तासाला आपण वीजबिलावर युनिट म्हणतो, येथेही तोच शब्द वापरतो.) बॅटरी किती वेगाने भरेल हे तिच्या आकाराच्या प्रमाणात ठरते, कारण येणारा प्रवाह आतल्या असंख्य सेलमध्ये वाटला जातो. २०० युनिटांच्या बॅटरीने ३५० किलोवॅट घेणे म्हणजे तिच्या क्षमतेच्या पावणेदोन पटीने घेणे होय. तोच पट २१ युनिटांच्या बॅटरीला लावला तर आकडा ३७ किलोवॅटच्या आसपास येतो. म्हणजे आपल्याकडची छोटी मालगाडी ३७ किलोवॅटने भरली गेली, तर तिने अमेरिकन गाडीच्या तोडीचे काम केले असे म्हणावे लागेल. म्हणून केंद्रावरच्या यंत्रावर ६० किलोवॅट लिहिलेले असो की १२०, आपल्या गाडीची घेण्याची मर्यादा २० असेल तर २०च मिळणार. विहिरीला पाणी कितीही असले तरी पोहरा आपला असतो.

त्या गाडीकडून उचलण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. सिल्व्हराडोत आणि तिच्याच घरातल्या हमर ईव्हीत बॅटरीचे दोन भाग असतात. गाडी चालताना ते समांतर जोडलेले राहतात आणि वेगवान चार्जिंगच्या वेळी एकसरीत जोडले जातात, त्यामुळे ४०० व्होल्टची बॅटरी तेवढ्यापुरती ८०० व्होल्टची होते. व्होल्टेज दुप्पट झाले की तेवढ्याच शक्तीसाठी निम्मा प्रवाह पुरतो, आणि तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती चौथ्या हिश्श्यावर येते.

आपल्याकडच्या छोट्या मालगाड्यांतही हीच वाटचाल खालच्या पायरीवर झाली आहे, आणि माझ्या मते गेल्या चार वर्षांतली ती सर्वांत मोठी सुधारणा आहे. आमची जुनी गाडी ७२ व्होल्टची आहे. तिला २० किलोवॅटने भरायचे ठरवले तर पावणेतीनशे अँपिअर प्रवाह लागेल. नव्या गाडीची बॅटरी ३०० व्होल्टच्या वरची असल्याने तिला तेवढ्याच शक्तीसाठी ६५ अँपिअरच्या आत भागते. उष्णतेचा हिशेब केला तर त्याच जाडीच्या तारेत सुमारे वीस पटींचा फरक पडतो. शिवाय कमी व्होल्टेजच्या गाड्यांसाठी आपल्या देशात २०१७ मध्ये भारत डीसी-००१ हे १५ किलोवॅटपर्यंतचे वेगळे मानक ठरवण्यात आले होते आणि त्याची गनही (गाडीत लावायचे चार्जरच्या वायरचे टोक) वेगळी होती. महामार्गावर मोटारींसाठी सीसीएस-२ या प्रकारच्या गनची केंद्रे वाढत गेली, आणि आमची जुनी गाडी त्यांच्यासमोरून रिकाम्या पोटी जात राहिली. नवी गाडी त्याच गनवर मोटारींच्या शेजारी उभी राहते. महिंद्राने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आणलेल्या झिओ या गाडीची जाहिरातच ३०० व्होल्टहून अधिकच्या रचनेवर बेतलेली होती, ती याच कारणासाठी. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न मिनिटांचा विचारू नका. बॅटरी किती व्होल्टची आहे आणि गाडीला सीसीएस-२ सॉकेट आहे का, हे विचारा. एकाच मॉडेलच्या स्वस्त आवृत्तीत वेगवान चार्जिंगचे सॉकेट दिलेलेच नसते, असेही घडते.

आता उन्हाविषयी, कारण खान्देशात हाच मुद्दा निर्णायक आहे आणि माहितीपत्रकात यालाच सर्वांत कमी जागा मिळते. एप्रिलअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भुसावळ-जळगावचा पारा ४३ ते ४५ अंशांवर राहतो, हे आपल्याला सांगायला नको. चार्जिंगसाठी सेलला सोयीचे तापमान साधारण २५ ते ३५ अंश असते. सेल ४५ अंशांच्या पुढे तापले की बहुतेक गाड्यांची नियंत्रण यंत्रणा प्रवाह उतरवू लागते आणि आणखी तापले तर थांबवते. आमची जुनी गाडी केवळ हवेवर थंड होते. मे महिन्यात ती दुपारी दोनला परत आली की चार्जर लावूनही पडद्यावर काही हलत नसे, आणि आमचा चालक तिला शेडमध्ये तास-दीड तास उभी करून मगच वायर जोडत असे. पहिल्या वर्षी मी त्याच्यावर उगाच रागावलो होतो. चूक त्याची नव्हती, ४४ अंशांच्या हवेने ५० अंशांची पेटी थंड होणार तरी किती?

नव्या गाड्यांच्या माहितीत ‘लिक्विड कूलिंग’ हा शब्द असतो, परंतु त्यातही दोन प्रकार आहेत आणि फरक मोठा आहे. पहिल्या प्रकारात बॅटरीभोवती फिरलेले द्रव फक्त रेडिएटरमध्ये जाते. ते बाहेरच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. दुसऱ्या प्रकारात ते एसीच्या कॉम्प्रेसरला जोडलेल्या चिलरमधून जाते, म्हणून बाहेर ४५ अंश असतानाही बॅटरी तिशीत ठेवता येते. पुण्याच्या हवेत पहिला प्रकार चालून जाईल. आपल्याकडे दुसराच हवा. आमच्या नव्या गाडीत चिलर आहे, आणि या मे महिन्यात भर दुपारी महामार्गावरच्या केंद्रावर तिने २२ किलोवॅटने वीज घेतली. अर्थात, चिलर चालवण्यातही त्यातलीच थोडी वीज खर्च होते.

बॅटरीचे रसायनही विचारून घ्या. छोट्या मालगाड्यांत आता बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल असतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलपेक्षा ते वजनाला जड पडतात, पण उष्णता अधिक सोसतात आणि भरण्या-रिकामे होण्याच्या अधिक फेऱ्या टिकतात. त्यांची एकच खोड आहे: त्यांचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असल्यामुळे उरलेल्या टक्केवारीचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी ती पूर्ण १०० टक्के भरावी. एरवी ८० टक्क्यांनंतर वेग मंदावतोच, तेव्हा केंद्रावर शेवटच्या वीस टक्क्यांसाठी ताटकळण्यात अर्थ नसतो.

तिसरी सुधारणा गाडीच्या आतल्या चार्जरची आहे. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॅटचा चार्जर २१ युनिटांची बॅटरी सुमारे सात तासांत भरतो. काही नव्या गाड्यांत याच्या दुप्पट शक्तीचा चार्जर मिळतो आणि वेळ निम्म्यावर येतो. ऐकायला हे वेगवान चार्जिंगइतके भारी वाटत नाही, परंतु रात्री लाइट दोन-तीन तास गेली तरी सकाळी गाडी भरलेली मिळते, ही गोष्ट गावात राहणाऱ्यालाच कळते. मोबाइलवर वेळ लावण्याच्या आणि सूचना येण्याच्या सोयी आहेत. त्या बऱ्या आहेत, एवढेच म्हणतो.

मात्र गाडी कितीही सुधारली तरी आपले आवार जुनेच असते. आमची नवी गाडी पहिले पाच महिने व्यवस्थित चार्ज झाली आणि एप्रिलमध्ये अचानक घरच्या चार्जरवर लाल दिवा दाखवू लागली. सेवा केंद्राच्या माणसाने दोनदा येऊन चार्जर बदलण्याचा सल्ला दिला. शेवटी आमच्या वायरमनने मीटर लावून पाहिले, तर दोष अर्थिंगचा निघाला. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि जमिनीचा रोध वाढतो. जुनी गाडी हे तपासत नव्हती, म्हणून चालत होती; नवी तपासते आणि अर्थिंग पुरेसे नसेल तर वीज घेत नाही. तिचा हा हट्ट माणसाच्या जिवाच्या दृष्टीने योग्यच आहे. आम्ही खड्ड्यात कोळसा आणि मीठ नव्याने भरले आणि मार्च ते जून रोज एक बादली पाणी टाकण्याचे काम वॉचमनकडे दिले. तेव्हापासून तक्रार नाही. चार्जर नवा घेतला असता तर त्यानेही तोच लाल दिवा दाखवला असता.

बिलाचाही विचार करा. रोज २० युनिट धरली तरी महिन्याला ५००हून अधिक युनिटांची भर पडेल, आणि घरगुती मीटरवर चार्जिंग केल्यास आपले घरातले बिल महावितरणच्या सर्वांत वरच्या टप्प्यात जाईल. महावितरणकडे वाहन चार्जिंगसाठी वेगळा दरगट आहे. त्याखाली स्वतंत्र जोडणी मागावी आणि मंजूर भार चार्जरच्या शक्तीपेक्षा थोडा अधिक घ्यावा.

आता आपल्या मार्गाचा हिशेब. फैजपूर ते जळगाव भुसावळवरून सुमारे ४५ ते ५० किलोमीटर आहे. टाटा एस ईव्ही २०२२ मध्ये आली तेव्हा २१.३ युनिटांच्या बॅटरीवर १५४ किलोमीटर हा प्रमाणित आकडा दिला होता आणि २०२४ च्या एक टन भाराच्या आवृत्तीसाठी १६१ दिला होता. परंतु माझ्या अनुभवात भरलेली गाडी किलोमीटरला २०० वॅट-तास (०.२ युनिट) आणि रिकामी १४० च्या आसपास खाते. म्हणजे केळीचे क्रेट घेऊन जाताना १० आणि रिकामी परत येताना ७, अशी १७ युनिटे एका फेरीत जातील. २१ युनिटांच्या बॅटरीत एक फेरी बसते, दुसरी बसत नाही. श्रावणात आणि नवरात्रात उपवासामुळे आपल्याला दुसरी फेरी करावी लागत असेल, तर दोन्ही फेऱ्यांत जळगावात माल उतरल्यावर केंद्रावर मिळून सुमारे १५ युनिटे घ्यायला पाऊण तास धरा. ते दिवस मे महिन्याचे नाहीत, हे आपल्या पथ्यावर आहे. आपला भार एक टनाच्या पुढे जात असेल, तर मात्र छोट्या हत्तीच्या (टाटा एसच्या) वर्गातल्या गाडीचा विचार सोडा आणि मोठ्या बॅटरीची पिकअप पाहा.

माझे मत असे की, गाडी घ्यावी, पण डिझेल गाडी पहिला उन्हाळा पार पडेपर्यंत विकू नये. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून चाचणीसाठी गाडी मागा, आणि ती शोरूमच्या सावलीतून सकाळी घेऊ नका. दुपारी एक वाजता, पूर्ण भार भरून, फैजपूरहून निघा, जळगावात पोहोचताच सीसीएस-२ केंद्रावर लावा आणि पहिल्या पाच मिनिटांत किती किलोवॅट दिसतात, अर्ध्या तासाने किती दिसतात, हे दोन आकडे कागदावर लिहा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून खाली गेला आणि बॅटरी अजून ८० टक्क्यांपर्यंत आलेली नसेल, तर त्या गाडीत चिलर नाही किंवा तो पुरत नाही, असे समजून दुसऱ्या कंपनीकडे जा.