माथा त्यांचा, पायथा आमचा

पाणलोटाच्या कामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी तीन इथे घेतली आहेत. पहिलं उत्तर लांबलंय, कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकानं बऱ्याच पत्रांत आहे.

प्रश्न : आमचं गाव ओढ्याच्या खालच्या अंगाला. वर्गणी काढून बंधाऱ्यातला गाळ उपसला, तो दोन पावसाळ्यांत पुन्हा भरला. गाळ येतो वरच्या गावाच्या उघड्या डोंगरावरून. बोलायला गेलो तर म्हणाले, "चराई आम्ही बंद करायची आणि पाणी तुमच्या विहिरींना?" त्यांना पटवायचं कसं?

उत्तर : त्यांचा सवाल रास्त आहे. तुमच्यापाशी त्याला उत्तर नाही, म्हणून गाडी तिथंच अडली आहे.

माथ्याकडून पायथ्याकडे काम करत यायचं, हा पाणलोटाचा पहिला नियम. वरचा उतार तसाच ठेवून खाली बंधारा घातला तर तो पाण्याऐवजी माती साठवतो, हे तुम्ही पाहिलंच. पण खर्च आणि फायदा यांचा हिशोब जुळत नाही. पाणी मुरवणारे चर खणायचे वर, चराई थांबवायची वर, आणि विहिरीला पाणी चढतं खाली. वरच्या गावातही सगळ्यांना सारखी झळ बसत नाही. ज्याला जमीन आहे तो बांधावरचं गवत कापून जनावर जगवतो. ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत आणि जमीन नाही, त्याची चूल डोंगर बंद झाला की अडते. बैठकीत तो मागे बसतो, काही बोलत नाही, आणि रात्री कळप घेऊन वर जातो. मग राखणदार नेमा, दंड लावा. माझं सगळं आयुष्य चर खोदून घेण्यात गेलं. असा बंदोबस्त फार काळ टिकलेला मी पाहिलेला नाही.

तेव्हा उपदेश नको, देण्यासारखं काहीतरी घेऊन जा. "नुकसान आमचं आणि वर पैसेही आम्हीच मोजायचे?" असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणेलच. ऱ्हाइन नदीवर जवळपास हेच झालं. फ्रान्सच्या आल्सास भागातल्या पोटॅशच्या खाणी टाकाऊ मीठ नदीत सोडत. प्रवाहात सगळ्यांत खाली नेदरलँड्स. तिथल्या रोपवाटिकांना आणि पिण्याच्या पाण्याला ते बाधायचं. १९७६ साली करार झाला आणि मीठ रोखण्याच्या खर्चाची वाटणी ठरली : नेदरलँड्स ३४ टक्के, फ्रान्स ३०, पश्चिम जर्मनी ३०, स्वित्झर्लंड ६. ज्याचं नुकसान, त्याचाच वाटा सगळ्यांत मोठा. न्याय म्हणून मला हे आजही रुचत नाही. पण खालच्याला वरच्याची गरज जास्त असते, आणि वाटाघाटीत ती लपत नाही.

याच करारात दुसरीही गोष्ट घडली. मीठ जमिनीखाली खोल मुरवायचं ठरलं होतं, त्याला आल्सासमधल्या रहिवाशांनीच विरोध केला. फ्रान्सची मंजुरी रखडली आणि करार लागू व्हायला १९८५ उजाडलं. सह्या सरकारांच्या झाल्या, अडलं ते जिथं खड्डा पडणार तिथल्या माणसांपाशी. तुमच्या कागदावर दोन्ही गावांच्या पुढाऱ्यांच्या सह्या असतील आणि शेळीवाल्यांच्या नसतील, तर तुमचंही तिथंच अडेल.

न्यूयॉर्कनं त्यापेक्षा शहाणपणानं घेतलं. या शहराचं बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून येतं. नव्या नियमांमुळे ते गाळण्याचा प्रचंड प्रकल्प बांधायची वेळ आली होती. खर्चाचा अंदाज होता ६ ते ८ अब्ज डॉलर. त्याऐवजी १९९७ साली शहरानं वरच्या गावांशी करार केला. गोठ्यातली घाण ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतांवर सोय करायची, घरांच्या मैलाटाक्या दुरुस्त करायच्या, आणि जमीन घ्यायची ती मालक राजीखुशीनं विकत असेल तरच. शेतावरची कामं ज्या मंडळामार्फत होतात, त्यात शेतकऱ्यांचाच वरचष्मा आहे.

तुमच्याकडे अब्ज नाहीत, ठीक आहे. कामाची मजुरी आधी वरच्या गावाला द्या. डोंगर एकदम बंद करू नका. तीन तुकडे पाडा आणि एकेक तुकडा राखा, म्हणजे शेळ्यांना दोन मोकळे राहतात. राखलेल्या तुकड्यातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क भूमिहीनांना, आणि तो लेखी. वर पिण्याच्या पाण्याची अडचण असेल तर पहिलं काम तिथंच काढा, तुमच्या बंधाऱ्याचं नंतर बघू. हे कबूल करायला तुमचं गाव तयार आहे का, ते आधी घरात ठरवा. माझ्या अनुभवात बोलणी जास्त वेळा खालच्याच गावात फिसकटतात.

प्रश्न : दोन गावांनी मिळून काम केलं. आम्ही म्हणतो पाणी वाढलं, ते म्हणतात पाऊसच बरा झाला. कोण खरं?

उत्तर : मोजल्याशिवाय दोघंही खोटे.

ओढा अरुंद असेल तिथं आडवी भिंत घालून तिच्यात काटकोनी खाच ठेवा, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. खाचेच्या तळापासून पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल, तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर पाणी जातंय. उंची २० झाली की ते दुप्पट होत नाही, २५ लिटरच्या आसपास जातं. म्हणून बोटभर चूकही महागात पडते. पट्टी खाचेत धरू नका, तिथं पाणी खाली वाकलेलं असतं. चार-पाच पावलं मागे, संथ पाण्यात रोवा आणि तिचा शून्य खाचेच्या तळाशी जुळवा. भिंतीमागे गाळ साठू देऊ नका, नाहीतर आकडे फसवतात.

शेजारी पर्जन्यमापक हवाच. शिवाय जिथं काहीच काम केलेलं नाही असा जवळचा, साधारण तेवढाच ओढा निवडून तिथंही तसंच मोजा. पाऊस दोन्हीकडे सारखा आणि पावसाळ्यानंतर तुमचा ओढा जास्त दिवस वाहता राहिला, तर श्रेय कामाचं. वही एकच ठेवा, आकडा लिहिताना दोन्ही गावांचं एकेक माणूस हजर असू द्या.

प्रश्न : दोन्ही गावांनी मिळून अख्ख्या डोंगरावर दाट झाडं लावायचं ठरवलंय. पाणी किती वाढेल?

उत्तर : कदाचित घटेल. झाडं पाणी पितात, हे आपण उत्साहात विसरतो. १९८२ साली जगभरातल्या ९४ पाणलोट-प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध झाला. झाडोरा वाढला की ओढ्याचं वर्षभराचं पाणी कमी होतं, हीच दिशा त्यात दिसली. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून बाहेरून आलेली, पाणी ओढणारी झाडं ओढ्याकाठून काढायचा सरकारी कार्यक्रमच चालू आहे. चीनच्या लोएस पठारावर, म्हणजे सहज वाहून जाणाऱ्या भुसभुशीत मातीच्या प्रदेशात, लागवडीनं हिरवाई परतली, धूप घटली. पण २०१६ सालच्या एका अभ्यासानं बजावलं, की तिथली लागवड आता उपलब्ध पाण्याच्या मर्यादेला टेकत चालली आहे.

झाडं लावूच नयेत असं मी म्हणत नाही. उघड्या, टणक झालेल्या उतारावर पाणी मुरतच नसतं. तिथं मुळं आणि पालापाचोळा आला की मुरणं वाढतं आणि गाळ थांबतो. पण सुरुवात गवतापासून करा, मग तिथलीच झुडपं. जुन्या तोडलेल्या झाडांचे बुंधे जिवंत असतील तर त्यांना फुटू द्या, ते रोपांपेक्षा लवकर उभे राहतात आणि फुकट असतात. झपाट्यानं वाढणारी एकाच जातीची दाट लागवड मात्र, विशेषतः ओढ्याच्या काठाला, नकोच. रोपांची मागणी आधीच नोंदवली असेल तर ती निम्म्यावर आणा आणि उरलेल्या पैशात गवताचं बी घ्या.