शेअर मी घेतला, मग पैसे कोणाला गेले?

प्रश्न: ॲपवरून एका मोठ्या कंपनीचे शेअर घेतले. मित्र म्हणतो त्यातला एक पैसाही कंपनीला गेला नाही. मग हा भांडवल बाजार म्हणजे नुसती आपापसातली देवघेवच का?

उत्तर: पैशांचं मित्राने बरोबर सांगितलंय. कंपनी आयपीओ आणते, म्हणजे पहिल्यांदाच लोकांना शेअर विकते, तेव्हा त्यातल्या नव्या शेअरचे पैसे तिला जातात, तो प्राथमिक बाजार, आणि नंतर रोज स्क्रीनवर जे हलतं तो दुय्यम, तिथे तुमचे पैसे विकणाऱ्याला मिळतात. पण दुय्यम बाजार नसता ना, तर आयपीओकडे फारसं कोणी फिरकलंच नसतं! कारण कंपनीला पैसा हवा असतो कायमचा आणि आपल्याला तो कधी लागेल याचा काही नेम नाही. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने लोकांकडून भांडवल गोळा केलं, ते हवं तेव्हा परत मिळणार नव्हतं, पण आपला हिस्सा कंपनीच्या वहीत दुसऱ्याच्या नावावर करता यायचा, मग ज्याला पैसे हवेत तो गिऱ्हाईक शोधायचा, आणि त्यातूनच ॲमस्टरडॅमचा शेअरबाजार उभा राहिला. शिवाय भाव पडला तर कंपनीलाही झळ बसतेच, पुढे नवीन शेअर काढायचे झाले की तेवढ्याच रकमेसाठी जास्त शेअर द्यावे लागतात.

प्रश्न: बाँड सेफ म्हणून घेतले, तर त्यांचाही भाव उतरला. असं कसं?

उत्तर: बहुतेक बाजारातले व्याजदर वाढले असणार. बाँड म्हणजे तुम्ही ठरावीक मुदतीसाठी, ठरलेल्या व्याजाने दिलेलं कर्ज. समजा दर्शनी किंमत (मुदत संपल्यावर परत मिळणारी रक्कम) १०००, व्याज ५ टक्के, म्हणजे वर्षाला ५०, आणि मुदत संपायला एकच वर्ष उरलंय. आता तसेच नवे बाँड ६ टक्के द्यायला लागले तर तुमचा जुना १००० ला कोण घेईल, तो साधारण ९९० वर येतो तेव्हा कुठे हिशोब जुळतो, ९९० घालून वर्षाने १०५० हातात, म्हणजे ६ टक्केच. मुदत जितकी लांब तितका हा दणका मोठा. मुदतीपर्यंत थांबलात तर १००० मिळतात, अर्थात बाँड काढणारा बुडाला नाही तर, आणि हा 'तर' लोक विसरतात, सेफ म्हणजे कोणाचा बाँड आहे ते आधी बघा. कंपनी बुडालीच तर सर्वसाधारणपणे बाँडवाल्यांचा नंबर शेअरवाल्यांच्या आधी लागतो, प्रेफरन्स शेअरवाले (ज्यांना लाभांश आणि भांडवल साध्या शेअरवाल्यांच्या आधी मिळतं ते) मधे, आणि साध्या शेअरवाल्यांच्या हाती बऱ्याचदा काहीच येत नाही.