चेहरा नको, धूर बघ

ॲनिमेशनपटातलं कुठलं दृश्य कुठल्या ॲनिमेटरने काढलंय हे ओळखायला शिकतोयस ना, मग चेहऱ्यांपासून सुरुवात करू नकोस. जपानी चित्रपटांत ॲनिमेशन दिग्दर्शक सगळ्यांची चित्रं तपासून दुरुस्त करतो, त्यामुळे नाक-डोळे बहुतेकदा एकसारखेच दिसतात. हात कुणाचा ते कळतं धूर, आग, कपड्यांच्या चुण्या यांतून, आणि त्याहून जास्त वेळेच्या हिशेबातून. सेकंदाला 24 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर 12 चित्रं, तीन धरलं तर 8. चित्र कुठे रेंगाळतं, कुठे झपकन पुढे जातं, ते मोज. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबल्या की एकेक फ्रेम मागेपुढे होते.

'नौसिका' या जपानी ॲनिमेशनपटातला (1984) महाकाय योद्धा आधी बघ. तो हिदेआकी आन्नो यांनी ॲनिमेट केला. अंगाचं मांस ठिबकतंय, किरण सुटतो, क्षणभर काहीच होत नाही आणि मग स्फोट उसळतात. तो थांबलेला क्षण पुन्हापुन्हा बघ. त्यानंतर 'द बॉय अँड द हेरॉन'च्या (2023) सुरुवातीची आग. ती शिन्या ओहिरा यांची. तिथे रेषा ठरतच नाही, माणसं झळांमध्ये विरघळतात. मला तर अजूनही ते बघताना श्वास रोखला जातो.

घाईने नाव मात्र ठोकू नकोस. श्रेयनामावलीत मुख्य ॲनिमेटरांची (हालचालीतली कळीची चित्रं काढणाऱ्यांची) नावं असतात, कुठला शॉट कुणाचा हे नसतं. ॲनिमेटर योशिनोरी कानादा यांच्या वळणाने काढणारे तर कितीतरी आहेत. मुलाखत किंवा छापलेली मूळ रेखाटनं मिळेपर्यंत वहीत नावापुढे प्रश्नचिन्ह ठेव.