पहिलीचा वर्ग, सणवार आणि दिवाळीची सुटी : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे जूनमध्ये ज्यांच्या घरातले मूल पहिलीत गेले अशा पालकांची आणि काही शिक्षकांची आहेत. सहामाही संपत आली आहे आणि दिवाळीची सुटी समोर आहे, त्यामुळे प्रश्नही या दोन गोष्टींभोवतीचेच आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या पहिलीत आहे. चार महिने झाले तरी तिच्या वहीत मोजकीच पाने भरली आहेत. वर्गात गाणी, गप्पा, चित्रे आणि मण्यांचे खेळ चालतात, असे ती सांगते. शेजारचा त्याच वयाचा मुलगा रोज दोन पाने लिहून आणतो. माझी मुलगी मागे तर पडणार नाही ना? (एक आई, नाशिक)

आपली काळजी स्वाभाविक आहे, कारण शाळेत काय चालते हे पालकांना मुख्यतः वहीतूनच दिसते. परंतु सहा वर्षांच्या मुलाच्या शिकण्यातला फार थोडा भाग वहीत उतरतो. वर्गात मूल उभे राहून ‘काल रात्री आमच्या पत्र्यावर एवढा पाऊस वाजला की मला झोपच आली नाही’ असे सांगते, तेव्हा ते घटनांचा क्रम लावते, कारण आणि परिणाम जोडते आणि ऐकणाऱ्याला समजेल असे वाक्य रचते. पुढे लिहायचे आणि वाचायचे असते ते हेच. ‘पाटी’तला ‘पा’ काढला तर काय उरते, ‘कमळ’ आणि ‘करवत’ यांत कोणता आवाज सारखा आहे, असे तोंडी खेळ ज्यांनी भरपूर खेळले आहेत, त्या मुलांना पुढे अक्षर आणि आवाज यांची जोडी लावणे सोपे जाते.

अक्षरओळखीलाही तिचा स्वतःचा क्रम असतो. अनेक शिक्षक ‘क, ख, ग’ने सुरुवात न करता ‘ग, म, भ, न’ने करतात, कारण या अक्षरांचे वळण एकमेकांना जवळचे आहे आणि एवढ्या चारच अक्षरांत मूल ‘मन’, ‘मग’, ‘नभ’, ‘गगन’ असे पूर्ण शब्द वाचू लागते. आपल्याला वाचता येते हा अनुभव मुलाला पहिल्या काही आठवड्यांतच यावा, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यानंतर काना येतो आणि मग वेलांट्या येतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची पण उच्चारायची मात्र नंतर, त्यामुळे ‘किती’सारख्या साध्या शब्दावरही मुले अडखळतात. भ आणि म, ध आणि घ, ब आणि व यांची या वयात होणारी अदलाबदलही नेहमीची आहे. वर्षअखेरीसही ती तशीच राहिली, तर शिक्षकांशी बोलावे आणि मुलाची नजर व ऐकणे तपासून घ्यावे.

शेजारच्या मुलाच्या दोन पानांविषयी मला स्पष्टपणे लिहावेसे वाटते. या वयात बोटांचे लहान स्नायू अजून तयार होत असतात. चिखलाचे गोळे करणे, कागद फाडून चिकटवणे, मणी ओवणे यांतून ते बळकट होतात, तर एकच अक्षर पानभर गिरवल्याने हात दुखतो आणि लिहिण्याचा कंटाळा बसतो. केंद्र सरकारच्या 2020 च्या शालेय दप्तर धोरणातही पहिली व दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असेच म्हटले आहे.

तरीही, गाणी चालू आहेत म्हणजे वर्ग चांगलाच आहे, असे मात्र नाही. हे गाणे आज कशासाठी घेतले, याचे उत्तर शिक्षकाकडे असायला हवे. आपण घरी एवढे पाहा : मुलगी ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगते का, बसच्या पाटीवरचे किंवा बिस्किटाच्या पुड्यावरचे एखादे अक्षर ओळखते का, ताटे मांडताना माणसे मोजून तेवढ्याच वाट्या आणते का. यांतले काहीच जमत नसेल, तर सहामाहीच्या निकालाची वाट न पाहता वर्गशिक्षकांना भेटावे.

प्रश्न : नातवाला ‘एकवीस’ लिही म्हटले की तो 12 लिहितो आणि ‘त्रेपन्न’ म्हटले की 35. पाढे मात्र पाठ आहेत. हा निष्काळजीपणा समजावा का? (आजोबा, पुणे)

मुळीच नाही, आपला नातू लक्षपूर्वक ऐकतो, म्हणूनच ही चूक होते. ‘एकवीस’ म्हणताना आधी ‘एक’ ऐकू येतो आणि मग ‘वीस’, म्हणून तो आधी 1 लिहितो आणि मग 2. मराठीत एकक आधी बोलला जातो आणि दशक आधी लिहिला जातो. त्यातच एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे पुढच्या दशकाच्या आधाराने तयार होतात, एकोणनव्वदपर्यंत ती रीत टिकते आणि नव्व्याण्णवला मोडते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘पन्नास तीन’ असे पर्यायी वाचन आले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. माझे मत असे की रूढ संख्यानामे मुलांना यायलाच हवीत, कारण बाजारात आणि घरात तीच बोलली जातात. पण शिकण्याच्या काळात ‘दोन दशक एक सुटा’ असे म्हणायला मुलाला मोकळीक असावी.

पाढ्यांच्या पाठांतराने ही अडचण सुटत नाही, हे आपल्याही लक्षात आले असेल. शंभर मण्यांची एक माळ करा; दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, असे आलटून पालटून ओवा. ‘एकवीस’ म्हटल्यावर नातवाने दोन पूर्ण रंग ओलांडून एक मणी मोजावा आणि त्यानंतरच आकडा लिहावा. दिवाळीत पणत्या मांडण्याचे काम त्याच्याकडे द्या. दहाची ओळ पूर्ण झाली की दुसरी ओळ सुरू करायची आणि शेवटी किती ओळी व किती सुट्या पणत्या झाल्या हे त्यानेच सांगायचे. त्याने 12 लिहिले तर खोडून टाकू नका. ‘तेवढे मणी दाखव’ एवढेच म्हणा. बारा मणी आणि एकवीस मणी समोर आले की फरक त्याचा त्यालाच दिसेल.

प्रश्न : दिवाळीच्या सुटीसाठी शाळेने आकाशकंदील, किल्ला, सणांच्या माहितीचा तक्ता आणि रोज एक पान शुद्धलेखन असे काम दिले आहे. गेल्या वर्षी मोठ्या मुलीच्या वेळी हे सगळे आम्हीच केले होते. या वर्षी धाकट्याचे काय करावे? (एक वडील, ठाणे)

तक्ता बाजूला ठेवा. छापील चित्रे विकत आणून त्यांखाली वडिलांच्या अक्षरात माहिती लिहिलेली असेल, तर त्यातून पहिलीतल्या मुलाला काहीच मिळत नाही. तेच पैसे एखाद्या गोष्टीच्या पुस्तकावर खर्च करावेत. शुद्धलेखनाऐवजी त्याला रोज एका ओळीची नोंद करू द्या. आधी चित्र काढावे, मग त्याखाली येईल तसे लिहावे. ‘आज मामा आला’ हे त्याने ‘आज ममा आला’ असे लिहिले तरी चालेल, कारण ते वाक्य त्याचे स्वतःचे आहे. शिक्षकांना तसे नम्रपणे कळवावे. आपला अनुभव सांगणारे पालक भेटले की बहुतेक शिक्षकांना आनंदच होतो.

किल्ला मात्र अवश्य करा. दिवाळीत मुलांनी किल्ला करावा ही आपल्याकडची फार मोलाची रीत आहे आणि विकतच्या तयार किल्ल्याने तिचा सारा अर्थ निघून जातो. दगड-विटा रचून त्यांवर चिखलात भिजवलेले पोते टाकायचे, हाताने उतार द्यायचा, वाट कोरायची आणि हळीव किंवा मोहरी पेरायची. दोन-चार दिवसांत कोंब दिसू लागले की पाणी किती घालावे, सावलीतले रोप वाकडे का वाढले, असे प्रश्न मूल स्वतःच विचारू लागते. दरवाजा कुठे असावा, पाणी कुठे साठवावे, वरून शत्रू कुठून दिसेल, हे त्याला ठरवू द्या. वाट इतकी अरुंद झाली की मावळा मावत नाही, असे झाले तर ती त्यानेच रुंद करावी.

सुटीत एक दिवस काढता आला, तर लोणावळ्याजवळच्या लोहगडावर जाऊन या. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी तो एक आहे आणि त्याला बांधीव पायऱ्या असल्यामुळे मोठ्यांचा हात धरून मूल चढू शकते. पायऱ्या वळणे घेत जातात आणि एकामागून एक दरवाजे लागतात. आधी गड पाहिलेले मूल अंगणातल्या किल्ल्याला एकच सरळ रस्ता ठेवणार नाही.

आकाशकंदिलाविषयी एवढेच सांगतो की कात्री आणि खळ मुलाच्या हातात द्या आणि कामट्या बांधण्याचे काम आपण करा. कंदील एका बाजूला झुकला तरी दारावर तोच लावा.

प्रश्न : शाळेत दर सणाला वेशभूषेचा आग्रह असतो. संक्रांतीला काळे कपडे, गोकुळाष्टमीला कृष्ण, शिवजयंतीला मावळा. खर्च झेपत नाही. नकार कसा द्यावा? (एक आई, सोलापूर)

सरळ आणि स्पष्ट द्यावा, त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. भाड्याच्या पोशाखात छायाचित्रापुरते उभे राहण्यातून मूल काही शिकत नाही आणि ज्यांना पोशाख मिळत नाही ती मुले त्या दिवशी शाळेत यायला टाळतात. चार-पाच पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटावे आणि कागदाचे फेटे किंवा पुठ्ठ्याची ढाल मुलांनी वर्गातच करावी, असे सुचवावे.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या द्विशिक्षकी शाळेत पहिली आणि दुसरी एकत्र शिकवतो. श्रावणापासून सणच सण, त्यामुळे दिवस मोडतात. आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांबरोबर मुलेही निघून जातात. हातात उरलेल्या दिवसांत पहिलीचे काय करून घ्यावे? (एक शिक्षक, बीड)

सर, आपल्या पत्रातला दुसरा भाग अधिक गंभीर आहे, पण पहिल्या भागाचे उत्तर त्याला उपयोगी पडेल, म्हणून तिथून सुरुवात करतो. सणाला अभ्यासक्रमापासून वेगळे काढू नका. पोळ्याला प्रत्येक मूल मातीचा बैल करते, तेव्हा दुसरीच्या मुलांनी बैलाच्या अवयवांची नावे फळ्यावर लिहावीत आणि पहिलीच्या मुलांनी त्यांतली ओळखीची अक्षरे शोधावीत. शिंगे किती, पाय किती, तीन बैलांचे पाय किती, ही बेरीज मातीवर बोट ठेवून होते. नवरात्रात घरोघरी घट बसतो, त्याच दिवशी वर्गात करवंटीत माती घेऊन गहू पेरावेत. रोज कोंबाच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून भिंतीवर ओळीने चिकटवली, तर नऊ दिवसांच्या पट्ट्यांतून मापन, तुलना आणि ‘कालपेक्षा आज’ ही भाषा सहज येते. एकत्र वर्गात अशा कामाचा मोठा फायदा असा की दुसरीचे मूल पहिलीच्या मुलाला समजावून सांगते आणि तसे करताना स्वतःही पक्के शिकते.

हे करताना वर्गातल्या सर्व घरांचे सण यावेत. ईदला घरी शिरखुर्मा कसा झाला, 14 एप्रिलला वस्तीत काय होते, हे त्या त्या मुलाने सांगावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. दिवाळीनंतर ‘नवे कपडे काय घेतले’ असे मात्र विचारू नये; ‘तुमच्याकडे कोण आले, तुम्ही कुठे गेलात’ असे विचारले, तर प्रत्येक मुलाजवळ उत्तर असते.

आता निघून जाणाऱ्या मुलांविषयी. ज्या पालकांची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन झाली आहे, त्यांना ‘जाऊ नका’ म्हणणे व्यर्थ आहे. पण मूल मागे ठेवता येईल का, हे विचारता येते. घरी आजी-आजोबा असतील, तर गावातल्या किंवा जवळच्या हंगामी वसतिगृहाविषयी त्यांच्याशी टोळी निघण्यापूर्वीच बोलावे. मूल जाणारच असेल, तर त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावे आणि कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत ते दाखवून मुलाला बसवायचे, हे पालकांना दोन वेळा समजावून सांगावे. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा फोन क्रमांक आणि कारखान्याचे नाव आपल्या वहीत नोंदवून ठेवावे, म्हणजे तिथल्या शिक्षकांशी स्वतः बोलता येईल.

प्रत्येक मुलाबरोबर एक छोटी पिशवी जावी : मण्यांची माळ, खडू आणि पाटी, त्याला येणाऱ्या अक्षरांपासून बनलेल्या शब्दांची कार्डे आणि वर्गाने मिळून तयार केलेले एक पुस्तक. हे पुस्तक करायला खर्च येत नाही. पोळ्याचे, घटाचे आणि दसऱ्याचे चित्र प्रत्येकाने काढायचे, त्याखाली मुलाने सांगितलेले एक वाक्य आपण मोठ्या अक्षरात लिहायचे आणि दोऱ्याने शिवून द्यायचे. स्वतःचे आणि मित्रांचे वाक्य असल्यामुळे मूल ते पुन्हा पुन्हा उघडते, आणि कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, शिकवायला कोणी नसले तरी त्याचे वाचन सुटत नाही. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात तेव्हा या मुलांना पहिल्या पानापासून सुरुवात करायला लावू नये. आधी त्यांनी तेच पुस्तक वाचून दाखवावे, त्यांना काय येते हे पाहावे आणि तिथून पुढचे अक्षर घ्यावे. दसऱ्याला अजून अवधी आहे. पिशव्या शिवण्यासाठी गावातल्या बचत गटाला आताच सांगून ठेवावे.