स्मार्ट बोर्ड जरा नंतर लाव

प्रिय बाळा,

तुझा मेसेज मिळाला. सातवीला वीज शिकवायचीय, वर्गात नवा स्मार्ट बोर्ड आलाय आणि तू चांगला व्हिडिओ शोधतेयस. व्हिडिओ दाखव गं, पण तास सुरू करताना बोर्ड बंदच ठेव.

आधी चार-चार मुलांत एक पेन्सिल सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि वायर दे. सेल १.५ व्होल्टचा असतो, बल्ब त्याला चालेल असा बघूनच घे. एलईडी नको, लाल एलईडीलाच साधारण २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला ३च्या आसपास, एका सेलवर तो पेटत नाही आणि मुलांना वाटतं आपलंच चुकलं. जोडायच्या आधी प्रत्येकाने वहीत चित्र काढायचं, बल्ब कसा पेटेल ते. बरीच मुलं एकच वायर काढतील. खोडू नकोस, तसंच जोडून बघू दे, पेटला नाही की स्वतःच दुसरी वायर शोधतात आणि तुला बाकी काही सांगावंच लागत नाही.

मग बोर्ड लाव. फेटचं (PhET) वीजमंडलाचं सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर जोडून बघायचा प्रयोग, बघ, कोलोराडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेला प्रकल्प आहे, फुकट आहे. त्यात इलेक्ट्रॉन निळ्या ठिपक्यांसारखे पळताना दिसतात, जे हातातल्या वायरमध्ये कधीच दिसणार नाही, स्क्रीन खरी यासाठी हवी. पण हेही सांग की खरे इलेक्ट्रॉन फार हळू सरकतात, सेकंदाला एक मिलीमीटरसुद्धा नाही, आणि तरी बल्ब लगेच पेटतो कारण पूर्ण वायरमधले सगळे एकदमच हलायला लागतात. इथे मुलं खूप प्रश्न विचारतील, विचारू दे, पोर्शन मागे पडला तरी चालेल.

स्क्रीनवर मुंगी आणि देवमासा एकाच मापाचे दिसतात ना, म्हणून बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा मुलांना तिथे नेऊनच दाखवावा असं मला फार वाटतं. ते पुढच्या टर्मला बघू.

आदल्या दिवशी सगळं डाउनलोड करून ठेव, नेटवर विसंबू नकोस. शेवटच्या बाकावर बसून अक्षर दिसतंय का बघ. व्हिडिओ इंग्रजीत असेल तर आवाज बंद करून तूच गुजरातीत बोल, मुलांना तुझा आवाज कळतो. मुख्य आकृती फळ्यावर खडूने काढ, स्लाइड पुढे गेली की ती गेलीच.

बल्ब दोन-तीन जास्तीचे ने. तास झाला की मुलांच्या चित्रांचे फोटो पाठव, मला बघायचेत.

तुझी,
मावशी