विशारदचा अर्ज आणि दोनदा घेतलेली माघार

प्रश्न : माझे वय ४६ असून मी कर्वेनगरला राहते आणि एका पतसंस्थेत नोकरी करते. शाळेत असताना मी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या शास्त्रीय गायनाच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या. लग्नानंतर गाणे सुटले. पाच वर्षांपूर्वी पुन्हा शिकू लागले. त्यापुढच्या विशारद प्रथम या परीक्षेचा अर्ज दोनदा भरला आणि दोन्ही वेळा परीक्षेला गेले नाही. एकदा घशाचे कारण सांगितले, एकदा मुलाच्या बारावीचे. खरे कारण मला ठाऊक आहे. वर्गातल्या अठरा-वीस वर्षांच्या मुली पास होतील आणि मी राहीन, ही भीती वाटते. आता तर रियाजालाही बसवत नाही. ही भीती घालवून उमेद कशी टिकवावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी भीती घालवायची आणि मग उमेद टिकवायची, असा क्रम तुम्ही धरला आहे, माझ्या मते घोटाळा तिथेच आहे. परीक्षेला जायचे नाही असे ज्या संध्याकाळी ठरले, त्या संध्याकाळी तुम्हाला काय वाटले, ते आठवून पाहा. बहुधा हायसे वाटले असेल. हे हायसे वाटणेच महागात पडते, कारण टाळले की सुटका होते, हे मन त्या एका क्षणात शिकते आणि पुढच्या वेळी त्याच पळवाटेकडे अधिक लवकर वळते. शिवाय परीक्षा दिलीच नसल्यामुळे ती आपल्याला झेपली असती की नाही, हे कळण्याची संधीही हातची जाते. दुसऱ्या वेळची भीती पहिलीपेक्षा मोठी का असते, याचे उत्तर यात आहे. तुमचे वय किंवा तुमचा गळा यांचा त्याच्याशी संबंध नाही.

रियाजाला बसवत नाही, याकडेही आळस म्हणून पाहू नका. स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवून दिले, की स्वतःच्या यशाची खात्री नसलेला माणूस कधी कधी आपल्याच वाटेत आधी अडथळा ठेवतो, म्हणजे उद्या अपयश आले तरी त्याचे खापर अडथळ्यावर फोडता येते आणि कुवतीवर बोट येत नाही. रियाज न करता नापास झाल्याचे दुःख, रियाज करून नापास झाल्याच्या दुःखापेक्षा सोसायला सोपे असते. (घसा आणि बारावी हेच काम करत होते, असे म्हटले तर रागावू नका. ‘वेळ मिळत नाही’ या एका सबबीवर मी स्वतः एक लिखाण तीन वर्षे रखडवले आहे.)

तेव्हा भीतीला घेऊनच गायला बसायचे, पण तिच्यासमोर एकदम परीक्षक आणून उभे करायचे नाहीत. विशारदचा बराचसा भार प्रत्यक्ष गायनावर असतो आणि तिथे समोरच्या माणसाने मागितलेला राग त्याच क्षणी गावा लागतो; घरी दार लावून केलेल्या रियाजात नेमकी याचीच सवय होत नाही. घरच्यांपैकी कोणाला तरी रागांच्या नावांच्या चिठ्ठ्या उचलायला सांगा आणि निघेल तो राग दहा मिनिटे गा. काही आठवड्यांनी हेच एखाद्या शेजारणीसमोर करा, मग भजनी मंडळात, आणि गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात तुमच्या गुरूंना सांगून एक छोटा ख्याल मागून घ्या. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना चुकाल. चुकल्यावर ठेका सोडून न देता पुढचे आवर्तन धरणे, हेही शिकण्याचेच कौशल्य आहे आणि ते चुकल्याखेरीज येत नाही.

रियाजाची वेळ मात्र इच्छेवर सोडू नये. ‘रोज गाईन’ या निश्चयापेक्षा ‘सकाळचा कुकर उतरवला की मोबाइलवर तानपुरा लावीन’ असे ठरवलेले अधिक तडीस जाते, कारण त्यात दर वेळी नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही. वीस मिनिटे पुरेत.

वर्गातल्या मुलींबद्दल फार लिहीत नाही. त्यांच्याशी तुलना करताना त्यांच्या वाट्याला आलेले सलग शिक्षण आणि तुमच्या मधल्या रिकाम्या वर्षांचा हिशेब तुम्ही एकाच वहीत मांडत आहात, एवढेच सुचवतो.

थोरांचे दाखले देण्याची मला फारशी हौस नाही, परंतु कर्वेनगर हे नाव ज्यांच्यावरून पडले, ते महर्षी धोंडो केशव कर्वे कोवळ्या वयात परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला शंभराहून अधिक मैल चालत गेले होते, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे ती परीक्षा त्यांनी कोल्हापुरातून दिली. साताऱ्याहून परतताना त्यांना काय वाटले असेल, हा विचार मला त्यांच्या पुढच्या सगळ्या कर्तृत्वाहून अधिक जवळचा वाटतो.

मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात. येत्या सत्राचा अर्ज भरा आणि या वेळी एक नवी गोष्ट करा : माघार घ्यावीशी वाटली तर ती घरात ठरवायची नाही, गुरूंसमोर बसून, खरे कारण सांगून ठरवायची, असे त्यांना आजच कळवा. परीक्षेच्या विचाराने झोप उडत असेल, छातीत धडधडून दैनंदिन कामे अडत असतील, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला उशीर करू नका.